वाळ्याची चांदी

जेरीच्या अंगठ्याला मणी लागले आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. काल संध्याकाळी जेटीजवळच्या विनीतच्या दुकानातून सातशे रुपयांना घेतलेला पाईप तो नाश्ता झाल्यापासून घासत बसला होता. व्हरांड्यात, मांडीवर जुना पेपर, पेपरावर दंतमंजन, हातात कामातून गेलेला टूथब्रश, असा सगळा थाट. पाईपच्या दांडीला जिथे तोंडात धरायची नळी बसते, तिथे एक काळं कडं होतं. काल ते त्याला लोखंडी वाटलं होतं. आज मंजनाने काळं निघून खालून पांढरं दिसायला लागलं, तशी त्याची उमेद वाढली. चांदी आहे म्हणजे वस्तू कुणातरी साहेबाची, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. आणि आता त्या चांदीच्या कडेला बारीक मण्यांची एक ओळ बोटाला लागली. मोहरीएवढे मणी, एका ठिकाणी चेपलेले, दोनांचा एक झालेले. साहेबाच्या मुलखात असे मणी कोण करील? असे मणी तान्ह्या पोरांच्या पायातल्या वाळ्यांना असतात. हे त्याच्या डोक्यात यायच्या आधी बोटाला कळलं होतं.

आपण घाबरट नाही असं जेरी फर्नांडिस स्वतःच लोकांना सांगायचा, यावरून काय ते समजावं. अठ्ठावीस वर्षं त्याने मुंबईत विमा कंपनीत दावे तपासले होते. जळालेल्या दुकानातलं खरोखर काय जळालं आणि काय आदल्या दिवशीच टेम्पोत भरून हलवलं होतं, हे तो नुसत्या राखेकडे बघून ओळखतो, अशी ऑफिसात त्याची ख्याती. निवृत्त झाल्यावर तीन वर्षांपूर्वी तो मालवणला आईकडे राहायला आला. बायको सँड्रीना वसईला, तिच्या शाळेच्या नोकरीची दोन वर्षं उरलीत म्हणून. मुलगी ग्लेनिशा पुण्याला. इथे दावे करणारं कोणी नाही, तपासायला काही नाही, म्हणून मग विनीतच्या दुकानात जाऊन पितळी कंदील, होकायंत्रं, पर्यटकांना गंडवायला काळे केलेले नांगर, यांची उलटतपासणी करायची आणि काही न घेता परत यायचं, हा त्याचा उद्योग. काल मात्र हा पाईप दिसला आणि त्याने घासाघीस न करता पैसे काढून दिले. विनीतलाही नवल वाटलं. पप्पांचा पाईप साधारण असाच होता, म्हणून घेतला. साधारण असाच. घरी येताना हे दोन शब्द तो मनात घोळवत होता, आणि आता त्यांतला पहिला गळून पडला होता.

कारण हे मणी त्याचे स्वतःचे होते. तो सात वर्षांचा असताना पप्पा, म्हणजे पास्कू फर्नांडिस, बोटीवरची पाळी संपवून नऊ महिन्यांनी घरी आले होते, आणि दुसऱ्याच दिवशी विहिरीच्या पायरीवर त्यांचा पाईप पडून दांडीला चीर गेली. बोटीवर स्टुअर्ड असलेला, एरवी हसरा माणूस, त्या दिवशी जेवला नाही. मग जेरीला घेऊन ते बाजारपेठेत भिकाजी सोनाराकडे गेले. भिकाजीचा रिवाज असा, की चांदी गिऱ्हाईकाने आणायची, तो फक्त मजुरी घेणार. आईने घरातून दिला होता जेरीचा लहानपणचा वाळा. जोडीतला दुसरा समुद्रकिनाऱ्यावर वाळूत कधीच हरवला होता, त्यामुळे हा एकटा काही कामाचा नव्हता. भिकाजी म्हणाला, "हो आटवूक नको. हो कापतंय आणि असोच बसवतंय, मण्यांसकट." त्याने कातरीने वाळा कापला तेव्हा जेरी भोकाड पसरून रडला. पायात तो कधीच होत नव्हता, तरी रडला. पप्पा म्हणाले, "रडतंस कित्याक रे? मी बोटीर गेलंय तरी तू आता माझ्या तोंडाकडे असतलंस." मणी चेपला तो तेव्हाच, भिकाजीच्या हातोडीचा एक घाव वाकडा पडला म्हणून. जेरीने पाईप उलटा केला. काळी नळी डाव्या अंगाला चावून चावून झिजलेली होती. पप्पांचा उजवीकडचा दात पडलेला होता, ते नेहमी डावीकडे धरायचे. आता शंकेला जागा नव्हती. आणि पप्पांचा पाईप तर एकवीस वर्षांपूर्वी पप्पांबरोबर शवपेटीत गेला होता, त्यांच्या निळ्या कोटाच्या खिशात. आईनेच सांगितलं होतं. साऱ्या वाड्यालाही तिने तेच सांगितलं होतं: तेचो पायप तेच्या वांगडा दिलंय.

फोन वाजला तेव्हा तो दचकला. ग्लेनिशा होती. काल रात्री त्याने तिला मोठ्या हौसेने फोटो पाठवले होते. तिच्या ऑफिसात कोणी एक ब्रँडन आहे, त्याला जुन्या पाइपांचा नाद, त्याला दाखव म्हणून. "डॅडी, ब्रँडन म्हणतो, पाईप लंडनचा आहे, साठ-पासष्ट वर्षांचा असेल. दांडीवर पुसट छाप आहे तो खरा. पण फार नावाजलेल्या कारखान्याचा नाही. आणि ते कडं आहे ना, ते मूळचं नाही. गावठी दुरुस्ती आहे. त्याने सगळी किंमत घालवली." जेरीचं बोट चेपलेल्या मण्यावर गेलं. "तो म्हणतो, कडं काढून, दांडी नीट भरून घेतली तर चार-पाच हजार येतील. आहे तसा दोनशेच्या वर कोणी घेणार नाही. डॅडी? तुम्ही कितीला घेतलात?" जेरी म्हणाला, "असाच घेतला." आणि नेटवर्क नाही असं सांगून त्याने फोन ठेवला. नेटवर्कच्या चारही काड्या उभ्या होत्या.

मग त्याने विनीतला फोन लावला. आवाज सहज ठेवायचा त्याने फार प्रयत्न केला, दावे तपासताना ठेवायचा तसा. पाईप कोणाकडून आला? विनीत हसला. "काका, जुन्या वस्तूचो बापूस विचारूचो नसता. भंगारवालो आणून देता पोत्यातसून. ह्या खेपेक चर्चच्या बाजूक फिरललो तो. कित्याक, काय भानगड आसा?" भानगड काही नाही, असं म्हणून जेरीने फोन खाली ठेवला. चर्चच्या बाजूला. चर्चच्या बाजूला काय आहे? चर्चच्या मागे सिमितरी आहे. सिमितरीत तिसऱ्या रांगेत, जांभ्या दगडाच्या चौकटीत, पप्पा आहेत. किंवा होते.

ही जी 'किंवा' होती ती जेरीच्या उरावर आज बसली नव्हती, पाच वर्षं बसून होती. सिमितरी लहान, मरणारे वेळच्या वेळी मरतात, म्हणून जुनी फोंड, म्हणजे थडगं, काही वर्षांनी उघडायची आणि नव्या माणसाला जागा द्यायची, ही तिथली रीतच. त्यात गैर काही नाही. मात्र उघडायच्या वेळी घरचं माणूस हजर लागतं. पाद्री प्रार्थना म्हणतात, हाडं पांढऱ्या कापडात घेऊन भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, वर नावाची फरशी. घरचं कोणी आलंच नाही तर थोडे दिवस थांबतात, आणि मग हाडं मागच्या विहिरीत जातात, सगळ्यांची एकत्र. टाळेबंदीच्या आदल्या फेब्रुवारीत चर्चमधून त्याला फोन आला होता: पास्कूची पाळी आलीय, कधी येतोस? जेरी म्हणाला होता, पुढच्या महिन्यात येतो. तेव्हा त्याच्या टेबलावर एका गोदामाच्या आगीचा दावा होता आणि तो दावा त्याला बापाच्या हाडांपेक्षा निकडीचा वाटला होता. पुढच्या महिन्यात सगळंच बंद झालं. आणि सगळं उघडल्यावर त्याने तो विषय उघडला नाही. मालवणला राहायला आल्यापासून दर दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, आई मेणबत्त्या घेऊन आत जायची आणि हा फाटकाशी स्कूटर धरून उभा राहायचा, गुडघा दुखतो म्हणून. गुडघा दुखत नव्हता. फरशीवर बापाचं नाव आहे की दुसऱ्या कोणाचं, हे त्याला बघायचं नव्हतं. आईला विचारावं तर ती काही बोलायची नाही, आणि तिचं न बोलणं हेच उत्तर असेल तर? म्हातारी चौऱ्याऐंशीची आहे, क्रूस जिथे असेल तिथे मेणबत्ती लावील. खाली कोण आहे ते क्रूस थोडंच सांगतो?

आता पाईपनेच सांगितलं होतं. जेरीने तो पेपरात गुंडाळला, उलगडला, रुमालात गुंडाळला. कुदळ लागली असेल, सडक्या फळ्या, निळ्या कोटाच्या चिंध्या, आणि कोणी तरी वाकून हे उचललं असेल, झटकलं असेल. हाडांचं काय केलं असेल? त्याच्या डोळ्यांपुढे आली ती पप्पांची पाऊल दुमडून बसायची ढब, खुर्चीत, डावा पाय उजव्याखाली. ती पावलं विहिरीत कोणाच्या पावलांवर पडली असतील? माणूस बोटीवर जन्मभर दुसऱ्यांची ताटं उचलत राहिला, केबिनमध्ये चौघांत झोपला, म्हणायचा, घरी एक खाट माझी एकट्याची असली की झालं. आणि मरून त्याला एकट्याची जागा राखता येईना, कारण मुलगा पुढच्या महिन्यात येणार होता. जेरीला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती, पोर काचेचा पेला फोडून बसतं तेव्हा त्याला वाटते तसली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, व्हरांड्यात एकटा, आणि आतून आईची खुर्ची सरकल्याचा आवाज आला तर त्याने रुमाल झटकन खिशात कोंबला. "खंय चल्लंस रे?" तिने आतून विचारलं. "हंयच," तो म्हणाला, आणि स्कूटर काढली.

चर्च घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी तो बाजारातून वळसा घेऊन गेला. मच्छीमार्केटाशी ट्रॅफिक तुंबलं होतं, एका पर्यटकाची गाडी रिक्षाला घासली होती, आणि दोघे भांडत होते. जेरी तिथे नाहक दहा मिनिटं थांबला. भांडण संपू नये असं त्याला वाटत होतं. संपलं. मग सिमितरीच्या फाटकातून आत शिरताना त्याने मान खाली घातली आणि रांगा मोजल्या नाहीत. सिप्रियन अंकल आंब्याखाली बसून खराट्याला काठी ठोकत होता. घंटा वाजवणं, फोंड खणणं, वेदी झाडणं, सगळं चाळीस वर्षं तोच करत आला होता. जेरीने खूप वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या. सिप्रियनने त्या ऐकून घेतल्या आणि म्हणाला, "गुडघो बरो झालो मां?"

"अंकल, पप्पाची फोंड तुमी कधी उघडल्यात?"

सिप्रियनने काठी खाली ठेवली. "कोणी सांगल्यान तुका? ती रांगच उघडूक नाय. तुका फोन केललंय तो मीच. तू म्हणालंस, पुढच्या महिन्यात येतंय. तो महिनो अजून येवचो आसा." तो हसला, पण वाईट हसला नाही. "मगे टाळेबंदी इली. मगे भिंतीपलीकडची जागा गावली, नवीन सगळी थंय जातत. तुझ्या बापाशीक कोणी हात लावूक नाय. जा, बघून ये. घासबी मीच काढतंय."

जेरी गेला. तिसरी रांग, जांभ्याची चौकट, कडेला शेवाळ, क्रूसावर पास्कू फर्नांडिसच. माती घट्ट, एकवीस पावसाळ्यांनी बसवलेली. जेरीला जळालेल्या दुकानांच्या जमिनी ठाऊक होत्या. हलवलेली माती आणि न हलवलेली माती त्याला कोणी शिकवायला नको होती. तो चौकटीवर बसला, आणि इतकं हलकं वाटलं की रडू येईल की काय असं झालं. बाप होता जागेवर. आपण नालायक ठरलो होतो खरे, पण नशिबाने आपल्याला पकडलं नव्हतं. दोन मिनिटं तो असाच बसला, उन्हात, नालायक आणि सुखी. मग त्याने खिशातला रुमाल चाचपला. पाईप होता. माती हललेली नाही, आणि पाईप इथे आहे.

ऑफिसात तो नवीन पोरांना शिकवायचा: राखेत जे सापडत नाही ते आगीआधीच बाहेर गेलेलं असतं. हे वाक्य त्याने शेकडो वेळा फुशारकीने म्हटलं असेल. आता ते त्याच्या अंगावर आलं. पाईप पेटीतून निघाला नव्हता, कारण पेटीत राहिलाच नव्हता. झाकण बसायच्या आधी कोण होतं पेटीशी? हॉलमध्ये पेटी मधोमध, बायका भिंतीला, पाद्री घड्याळ बघत. एकेक जण वाकून कपाळाला ओठ लावत होता. शेवटी आई. ती वाकली ती उठेचना. काळ्या बुरख्याच्या जाळीने तिचं आणि पप्पांचंही तोंड झाकलं होतं आणि तिचा हात त्यांच्या कोटावर होता. बायका हुंदके देत म्हणाल्या, बघा, अजून त्याची बटणं लावतेय. आणि जेरीनेच, उशीर होतोय म्हणून, तिच्या खांद्याला धरून तिला मागे ओढलं होतं. तेव्हा तिची मूठ बुरख्याखाली मिटलेली होती. हे त्याने बघितलं होतं. एकवीस वर्षं ते त्याच्याजवळ होतं आणि त्याने तपासलं नव्हतं. चर्चच्या बाजूला, असं विनीत म्हणाला तेव्हा चर्चच्या बाजूला आपलंही घर आहे, एवढंसुद्धा त्याला सुचलं नव्हतं.

सुटकेची जागा आता दुसऱ्याच काळजीने घेतली. आईने चोरी केली होती, स्वतःच्या नवऱ्याची, आणि सगळ्या वाड्याशी खोटं बोलली होती, आणि मग ती वस्तू भंगारात घातली. का? रागाने? नऊ-नऊ महिने एकटीने काढलेल्या बाईला कसला राग नसेल? म्हातारपणी तिला एकेक गोष्ट नकोशी व्हायला लागली आहे का, आधी पाईप, मग उद्या फोटो, मग आपण? की तिचं डोकं चालेनासं झालंय? विचारावं तर तिची लबाडी तिच्या तोंडावर मांडल्यासारखं होईल. न विचारावं तर हा पाईप ठेवायचा कुठे? घराच्या फाटकाशी येईपर्यंत त्याने न विचारायचं ठरवलं होतं. फाटकातच करपलेल्या दुधाचा वास नाकात भरला.

स्वयंपाकघरात धूर होता. गॅसवर टोप काळा झाला होता, आणि टोपापासून दोन हातांवर, खुर्चीत, त्याची आई रोझाबाई शांतपणे चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. जेरीने धावत जाऊन गॅस बंद केला, खिडकी उघडली. "मांय, दूध जळला." तिने टोपाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, चोरी सापडल्यासारखं. "माका खंय कळता," ती म्हणाली. कोविडच्या वर्षी ताप आला आणि तिचं नाक गेलं ते परत आलंच नाही. डॉक्टर म्हणाले येईल, चार वर्षं झाली. बांगडा ताजा की शिळा हे ती आता कल्ले दाबून ओळखते. टोप काढायला जेरी वाकला आणि खिशातून रुमाल घसरला, जमिनीवर पाईप आपटला.

तिने तो ओळखला. तिचे हात शेंगांत थांबले.

"खंय गावलो?"

"विनीताकडे."

"कितक्याक?"

"सातशे."

"माका भंगारवाल्यान वजनात धरल्यान," ती म्हणाली. "डब्यांवांगडा." मग तिने हात पुसले. "तुका वाटला असात, म्हातारेक काय झाला. तेका दिवक होयो होतो तो. दिलंय, खिशात घातलंय. मगे वाकलंय तेव्हा तेच्या अंगाक नुसतो सेंटाचो वास. त्या बायकांनी ओतललो. तेचो वास खंयच नाय. माका वाटला, हो पण गेलो तर माझ्याकडे काय रवला? काढलंय." ती खिडकीबाहेर बघत होती. "जपमाळ झाली की रोज एकदा वास घेय. सतरा वर्सां. तू मुंबईक होतंस, तुका खंय म्हायत. मगे तापात पडलंय, उठलंय, तर ह्येचो वास गेललो. म्हटला, येतलो. चार वर्सां वाट बघलंय रे. नुसता लाकूड. घरात ठेवन काय करू? रोज बघी आणि रोज परत मेल्यासारखो वाटी."

धुरातून, जळक्या दुधातून, जेरीने पाईप उचलला आणि नाकाशी नेला. त्याला वाटलं होतं, मंजनाचा वास येईल. पाईपच्या वाटीच्या तळातून पप्पा आले. सगळेच्या सगळे, बोटीवरून थेट, सॅक खांद्यावर. जेरीचे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी त्याने पाईप खाली घेतला, कारण आई त्याच्याकडे बघत होती. तिने भंगारात घातला तो वास त्यात होताच. नव्हतं ते तिचं नाक. तिला हे सांगणं म्हणजे, तू त्याला जिवंतपणी बाहेर काढलंस, असं सांगणं. न सांगणं सोपं होतं. येत नाही म्हटलं असतं तर तिला खरंच वाटलं असतं.

"तुका येता?" तिने विचारलं. अगदी हळू, आणि नको असलेलं उत्तर येईल अशा तयारीने.

दावे तपासणाऱ्या जेरीने जन्मात इतका वेळ कोणत्या उत्तराला लावला नसेल.

"येता," तो म्हणाला.

ती हलली नाही. तिचा चेहरा पडतो की काय म्हणून तो बघत राहिला. ती रडेल, स्वतःला दोष देईल, असं त्याला वाटलं. तिने शेंगांची सुपली बाजूला सारली, खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि डोळे मिटले.

"सांग," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"कसो येता तो."

जेरीने परत वास घेतला. असलं काही सांगायची त्याला सवय नव्हती. "गुळासारखो," तो म्हणाला. "जळल्या गुळासारखो. आणि पाठसून लाकडाचो."

"लाकडाचो नाय," डोळे न उघडता ती म्हणाली. "दालचिनीचो. नीट घे."

त्याने नीट घेतला. "हां. दालचिनी."

"आणि?"

"आणि खारट कायतरी. दोरखंडासारखा."

तिने मान हलवली. "बोटीर गेलेलो असलो म्हणजे तसो येय. घराकडे चार दिवस रवलो की जाय तो. मगे उरता तो सांग."

जेरी जमिनीवरच बसला, तिच्या खुर्चीशी, आणि पाईप नाकाला लावून पुढचं शोधू लागला.